शिडाचं पोट

२०२६ च्या जानेवारीत एके सकाळी आमच्या घरी वर्तमानपत्रातल्या एका छायाचित्रावरून बरीच चर्चा झाली. 'कौंडिण्य' हे भारतीय नौदलाचं शिडाचं जहाज पोरबंदरहून २९ डिसेंबरला निघालं होतं आणि समुद्र ओलांडून मस्कतला पोचलं होतं. अजिंठ्याच्या एका चित्रात पाचव्या शतकातलं जहाज रंगवलेलं आहे, त्यावरून हे जहाज गोव्यात बांधलं. त्यात लोखंडी खिळा नाही. फळ्या काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवलेल्या आहेत. आमच्या चिरंजीवांना, जे इंजिनिअर आहेत, या गोष्टीचं फार नवल वाटत होतं. "शिवलेलं जहाज! विचार करा बाबा, शिवलेलं!" असं ते दोनतीनदा म्हणाले. नात चित्र बघत बसली होती. शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य काढलेला आहे. तिनं विचारलं, "आजोबा, आणि शीड कुणी शिवलं?"

चिरंजीव म्हणाले, "शीड काय, कापडच ते. मोठी चादर."

मी काही बोललो नाही. 'मोठी चादर' हे शब्द चाळीस वर्षांपूर्वी मीही वापरले होते, आणि तेही एका कर्जप्रकरणाच्या फायलीवर, लेखी.

१९८६ साली मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शाखेत फील्ड ऑफिसर म्हणून रुजू झालो. वय सव्वीस, लग्नाला वर्ष झालेलं, आणि बँकेच्या परीक्षेत गणितात चांगले गुण मिळवल्याचा ताठा अजून उतरलेला नव्हता. शाखा जांभ्या चिऱ्याच्या एका जुन्या घरात होती. माझ्या टेबलामागच्या खिडकीतून खाडीचं तोंड दिसायचं. त्या काळी मासेमारीच्या होड्यांना बहुतेक ठिकाणी इंजिनं बसली होती, पण कौलं, चिरे, वाळू, नारळ असा माल वाहणारे काही मचवे अजून शिडावर चालत. ते आत शिरताना फार देखणे दिसत. मी खिडकीतून बघायचो आणि पुन्हा लेजरमध्ये डोकं घालायचो.

अशाच एका मचव्याचे मालक एक दिवस शाखेत आले. साठीच्या पुढचे, बुटके, रुंद पंजाचे. गावात सगळे त्यांना तांडेल म्हणत, मीही तेच म्हणेन. तांडेल म्हणजे मचव्यावरचा प्रमुख. त्यांचं शीड जुनं झालं होतं आणि नव्या शिडाच्या कापडासाठी त्यांना कर्ज हवं होतं.

आता आमच्या छापील अर्जात 'यंत्राचा प्रकार', 'अश्वशक्ती', 'विक्रेत्याचं दरपत्रक' असे रकाने होते. शिडाला विक्रेता नसतो. कापड दुकानातून आणायचं, कापायचं आणि शिवायचं मालकानंच. मी विचारलं, "शीड कोण शिवणार?" ते म्हणाले, "मीच." विचारलं, "दरपत्रक?" ते म्हणाले, "कापडाचं आणतो." आणि त्यांनी आणलंही. छत्तीस इंच पन्ह्याचं जाड सुती कापड, १०४ वार.

मी शिडाची मापं घेतली. चार कडांचं शीड. पुढची कड आखूड, बाकीच्या तिन्ही लांब. त्या चौकोनाचे दोन त्रिकोण पाडून मी क्षेत्रफळ काढलं. ते आलं ८८ चौरस वार. छत्तीस इंच म्हणजे एक वार पन्हा, तेव्हा ८८ वार कापड पुरे. शिवणीत जायला दोन वार धरले. नव्वद. मग चौदा वार जास्त कशाला? माझ्या मनात जे आलं ते बँकेतल्या कुठल्याही नव्या अधिकाऱ्याच्या मनात येतं : चौदा वारात घरातल्या सगळ्यांचे सदरे होतात. फायलीवर मी टिपण लिहिलं. 'शीड म्हणजे मूलतः मोठी चादर असून प्रत्यक्ष क्षेत्रफळानुसार अंदाज जादा आहे. ९० वारांपुरती रक्कम मंजूर करावी.' खाली सही. शाखाधिकाऱ्यांनी टिपण वाचून कौतुकानं मान हलवली होती, हेही मला आठवतं.

तांडेलांना मी आकडा सांगितला तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "सायेब, वारा सपाट कापडावर बसत नाय. त्याला बसाया पोट लागतं."

मला ते वाक्य गावठी म्हणीसारखं वाटलं. संध्याकाळी घरी गेल्यावर, गंमत म्हणून, मी ते पत्नीला सांगितलं. ती मशीनवर बसली होती. तिनं मशीन थांबवलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही ब्लाउजचं कापड क्षेत्रफळ काढून आणता का कधी?" मग तिनं हातातला ब्लाउज माझ्यासमोर धरला. सपाट कापडाला गोलाई द्यायची तर टक घालावा लागतो. टक म्हणजे काय, तर एका जागी कापड चिमटीत धरून शिवणीत गिळून टाकायचं. जिथं गिळलं तिथं ते आवळतं, आणि शेजारी फुगतं. माझी आई परकर शिवायची तोही कळ्यांचा, प्रत्येक कळी वर निमुळती आणि खाली रुंद. शिवून झाल्यावर तो परकर जमिनीवर सपाट कधीच बसायचा नाही. हे सगळं मी लहानपणापासून बघितलेलं होतं. पण माझ्या त्रिकोणांत ते कुठं आलं नव्हतं.

खरं म्हणजे दुसऱ्या दिवशी टिपण बदलता आलं असतं. पण मंजुरी गेली होती, आणि बदलायची म्हणजे चूक कबूल करायची. मी स्वतःला समजावलं की दोनचार वारांनी काय बिघडतंय. नव्वद वारांचे पैसे दिले गेले.

दसरा झाल्यावर एका रविवारी तांडेलांचा निरोप आला, "आज शीड कापतोय, बघाया या." बोलावण्यात काही खोच असेल असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. त्यांना एवढंच वाटलं असणार की ज्याचे पैसे लागले आहेत त्यानं काम बघावं.

भरतीची रेघ जिथं संपते त्याच्या वर, सुरूच्या झाडांपलीकडे, कोरडी घट्ट वाळू होती. तांडेलांनी तिथं चार खुंट्या ठोकल्या होत्या, शिडाच्या चार कोपऱ्यांच्या जागी. खुंट्यांना दोरी बांधून शिडाचा आकार वाळूवर आखलेला होता. कागद नाही, नकाशा नाही. मापं हातात, वितीत आणि बोटात. मी माझ्या टेपनं एक कड मोजून पाहिली. चूक दोन बोटांपेक्षा जास्त निघाली नाही.

पण दोरी सरळ नव्हती. वरच्या कडेला, जिथं शीड परबाणाला बांधतात, तिथं त्यांनी बांबूची एक लांब कामट वाकवून दोरीला बाहेर कमान दिली होती. परबाण म्हणजे डोलकाठीवर तिरकं चढवलेलं ते लांब लाकूड, ज्याला शीड लटकतं. मी विचारलं, लाकूड सरळ तर कापड वाकडं कशाला? त्यांनी तीच कमट हातात घेऊन दाखवलं. सरळ लाकडाला कमानदार कड बांधली की कमानीतलं जास्तीचं कापड खाली ढकललं जातं, आणि शिडाला पोट येतं. शिवाय परबाण काही दगड नव्हे. वारा वाढला की ते वाकतं. वाकलं की कमानीतलं जास्तीचं कापड त्या वाकात जातं आणि शीड आपोआप सपाट होतं. म्हणजे मंद वाऱ्यात भरलेलं पोट, जोराच्या वाऱ्यात सपाट पोट. खलाशाला नेमकं हेच हवं असतं. मात्र यासाठी आपलं परबाण किती वाकतं ते शिवणाऱ्याला माहीत हवं. तांडेल म्हणाले, दुसऱ्याच्या मचव्याचं शीड करायचं तर आधी त्याच्या मचव्यातून एक फेरी करावी लागते. परबाणाकडे बघत बसायचं, बाकी काही करायचं नाही.

मग कापड उलगडलं. पट्टे आखलेल्या आकारावर कसे टाकायचे, यात त्या विद्येचा अर्धा भाग आहे, असं मला त्या दिवशी कळलं. घरी शिवण करणाऱ्या बायकांना हे सांगायला नको : कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यात ओढलं तर ताणत नाही, उरेब ओढलं की रबरासारखं येतं. शिडाची मागची कड मोकळी असते. तिला ना लाकडाचा आधार, ना डोलकाठीचा. वाऱ्याची सगळी ओढ तिच्यावर येते. ती उरेब पडली तर शीड दोन दिवसांत पिशवी होईल. म्हणून पट्टे मागच्या कडेला समांतर टाकायचे, कापडाचा काठ थेट त्या कडेवर. उभा धागा त्या ओढीला तोंड देतो. उरलेल्या कडा मग तिरक्या कापाव्या लागतात, उरेब पडतात. त्याला इलाज म्हणजे कडेला दोर शिवायचा.

तिरक्या कापाचा दुसरा परिणाम मला माझ्या डोळ्यांनी दिसत होता. प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एकेक त्रिकोणी तुकडा वाया जात होता. अकरा पट्टे, बावीस तुकडे. तांडेलांची सून ते तुकडे गोळा करून एका टोपलीत ठेवत होती. कोपऱ्यांवर दुहेरी तिहेरी ठिगळं लागतात, त्यासाठी. तरीही सगळे तुकडे कामी येत नव्हते. मी मनात बेरीज करत होतो. तुकड्यांत सात-आठ वार. कडा दुमडण्यात आणि ठिगळांत चारपाच. शिवणींत तीनचार. माझं गणित चुकलं नव्हतं. मी ज्या वस्तूचं गणित केलं ती वस्तूच वेगळी होती.

शिवणींची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण खरी मेख तिथं आहे. दोन पट्टे जोडताना एकाची किनार दुसऱ्याच्या किनारीवर चढवतात आणि दोन्ही बाजूंनी टिपतात. मला वाटलं, चढ सगळीकडे सारखा. तांडेलांनी कोळशानं खुणा केल्या होत्या. शिवणीच्या मधल्या लांबीत चढ एक बोट. खालच्या टोकाकडे येताना तो हळूहळू वाढत दोन बोटं. पुढच्या बाजूच्या शिवणींत अडीच. वरच्या टोकाकडे पुन्हा थोडा वाढ. म्हणजे टोकांना कापड शिवणीत गिळलं, मधे सोडलं. एका शिवणीत बोटभर फरक. पण शिवणी दहा. त्या दहा बोटांतून हातभर खोल पोट तयार होतं. पत्नीच्या ब्लाउजचा टक आणि हा टक एकच. फक्त तिचा टक चार बोटं लांब आणि यांचा चार हात.

आणि पोट कुठंही चालत नाही. बरोबर मध्यात आलं तर मचवा आडवा सरकतो. मागं गेलं तर वारा अडकून राहतो, शीड मचव्याला मागं खेचतं. पोटाची सगळ्यांत खोल जागा मध्याच्या थोडी पुढं, नाळेच्या बाजूला हवी. म्हणून पुढच्या शिवणींत जास्त चढ. पुस्तकांत आज याची कारणं वाचायला मिळतात. वारा शिडाला नुसता ढकलत नाही. मचवा वाऱ्याच्या तोंडाकडे तिरका जात असेल तेव्हा वारा शिडाच्या दोन्ही अंगांनी वाहतो, आणि फुगीर अंगाकडचा दाब कमी झाल्यानं शीड त्या बाजूला ओढलं जातं. पक्ष्याच्या पंखाचं तत्त्व. चांगल्या शिडाच्या पोटाची खोली त्याच्या रुंदीच्या साधारण दहाव्या ते आठव्या हिश्शाएवढी असते, असं आता मोजून सांगतात. तांडेलांनी हिस्सा सांगितला नाही. शिवलेला भाग दोघांना धरायला लावून ते वाळूवर आडवे झाले आणि खालून वर बघत राहिले. मग उठून एका शिवणीची खूण पुसली आणि अर्धं बोट आत घेतली.

शिवण हातानं. मोठी सुई, मेण घासलेला दोरा, आणि सुई ढकलायला तळहाताला बांधलेला कातड्याचा तुकडा. तीन माणसं ओळीनं बसून शिवत होती. कापड मांडीवर घेऊन सरकायचं. मी थोडा वेळ प्रयत्न केला. माझे टाके बघून तांडेलांच्या मुलानं ते मुकाट्यानं उसवले.

दुपारी कापड संपलं. मला ते कळायच्या आधी सगळ्यांना कळलं होतं. दहा पट्टे झाले होते, अकरावा नव्हता. तांडेल उठले, घरात गेले आणि जुन्या शिडाची घडी घेऊन आले. खारं पाणी, ऊन आणि डांबराचे हात लागून ते कापड तपकिरी झालं होतं. त्यांनी त्यातला त्यात बरा भाग निवडला, उजेडाकडे धरून धागा पाहिला, आणि एक पट्टा कापला. कोपऱ्यांची ठिगळंही त्यातूनच.

आता हा जुना पट्टा कुठं घालायचा? मागच्या कडेला घालणं शक्य नव्हतं, तिथं तो टिकला नसता. अगदी पुढं घातला तर वाऱ्याला पहिली धडक त्याचीच. त्यांनी तो मधे घातला, सहावा. पण जुनं कापड आधीच ताणून झालेलं, नवं अजून ताणायचं. दोन्ही एका मापाचे कापले तर महिन्याभरात नवे पट्टे लांबतील आणि जुना मधे आवळून बसेल. म्हणून जुना पट्टा त्यांनी लांबीत थोडा जास्त ठेवला आणि शिवताना नव्या कापडाला तो किंचित ढिला देत गेले. किती ढिला, ते विचारल्यावर म्हणाले, "महिनाभरानं कळंल." माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मी मात्र तो तपकिरी पट्टा शिवला जाताना शेवटपर्यंत बसून पाहिला. चौदा वार. फायलीवरच्या माझ्या अक्षरासह.

निवृत्तीनंतर मी कादंबरीच्या एका प्रकरणासाठी शिडांवर थोडंफार वाचलं. प्रकरण लिहून झालं आणि कादंबरीतून काढूनही टाकलं, पण वाचन राहिलं. शिडाच्या कापडानं मोठमोठ्या लोकांच्या माना खाली घालायला लावल्या आहेत. २२ ऑगस्ट १८५१ ला इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट या बेटाभोवती शिडाच्या नौकांची शर्यत झाली. इंग्रजांच्या निवडक नौका आणि अटलांटिक ओलांडून आलेली 'अमेरिका' नावाची एकटी पाहुणी. इंग्रजांची शिडं लिननची, सैल विणीची, वाऱ्यात ढगळ होणारी. त्यांची वीण आवळावी म्हणून त्यांवर पाणी मारत. पाहुणीची शिडं यंत्रावर घट्ट विणलेल्या सुती कापडाची होती, आकार धरून राहणारी. पाहुणी जिंकली, आणि दर्यावर राज्य करणारे लोक हळूहळू सुताकडे वळले. पोट हवं, पण शिवणाऱ्यानं दिलेलं. वाऱ्यानं ताणून पाडलेलं नव्हे. ढेरी आणि छाती यांत जो फरक, तो इथं.

पुढं त्याच शतकाच्या अखेरीस नॅथॅनिएल हेरशॉफ नावाच्या अमेरिकन नौका-रचनाकारानं पट्ट्यांची दिशा बदलली. मागच्या कडेला समांतर न टाकता काटकोनात टाकले. शिवणी वाऱ्याच्या वाहण्याच्या दिशेत आल्या आणि ओढ आडव्या धाग्यावर गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर टेरिलिनसारखं पॉलिएस्टर कापड आलं. ते पाणी पीत नाही, कुजत नाही, फारसं ताणत नाही. ऊन मात्र त्याला खातं. आज शर्यतीच्या नौकांचं शीड आधी संगणकाच्या पडद्यावर फुगलेलं तयार होतं, मग संगणक ते सोलून सपाट पट्ट्यांत मांडतो आणि यंत्र ते पट्टे कापतं. पट्टे आधी चिकटपट्टीनं जोडतात आणि मग नागमोडी टीप मारतात, कारण सरळ टिपेचा दोरा कापड ताणलं की तुटतो, नागमोडी टीप सोबत ताणते. काही शिडांना तर आता पट्टेच नसतात. साच्यावर धागे पसरून शीड ओततात म्हणा ना. पण जिथं पट्टे आहेत तिथं एकाही पट्ट्याची किनार सरळ नाही. संगणकालाही ते एक बोट, दोन बोटं चुकवता आलेलं नाही.

असो. नवं शीड चढलं. नव्या सुती शिडाला एकदम जोराच्या वाऱ्यात नेत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस, सकाळच्या हलक्या वाऱ्यात, खाडीतल्या खाडीत फिरवायचं, म्हणजे धागा सगळीकडून सारखा बसतो. तांडेलांचा मचवा त्या आठवड्यात रोज माझ्या खिडकीसमोरून जाई. पांढरंशुभ्र शीड, मधे तपकिरी उभा पट्टा. ऊन मागून आलं की आणखी उठून दिसे. शाखेत येणारे लोक तोंडभरून सांगत, "तांडेलांचं शीड चांगलं बसलंय हां." मी 'हो' म्हणायचो आणि खिडकीकडे पाठ करून बसायचो. महिन्याभरानं मी पाहणीसाठी गेलो. पाहणी करणं भागच होतं, कर्ज आमचं होतं. जुन्या पट्ट्याच्या एका बाजूच्या शिवणीत बारीक चुणी पडली होती, वरपासून खालपर्यंत. तांडेल म्हणाले, "बोटभर चुकलं. जास्त ढिला दिला." माझ्या टिपणाविषयी अवाक्षर नाही. मी पाहणी अहवालात लिहिलं : 'मालमत्ता सुस्थितीत.'

हप्ते वेळेवर आले. कर्ज फिटलं.

१९८९ मध्ये त्यांचा मुलगा इंजिनासाठी अर्ज घेऊन आला. ते प्रकरण मी चार दिवसांत केलं. विक्रेत्याचं दरपत्रक होतं, अश्वशक्ती होती, मॉडेल होतं, हमी होती. एकही रकाना रिकामा नव्हता. इंजिन बसवणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, कुणी म्हणू नये. पडलेल्या वाऱ्यात दोन दोन दिवस खाडीच्या तोंडाशी अडकून पडणाऱ्या माणसाला शिडाची शोभा सांगायची नसते. मुलाचा धंदा वाढला, त्यानं पुढं पक्कं घर बांधलं. फक्त एवढंच नोंदवतो, की मुलाला इंजिन घ्यायला जितके पैसे मिळाले त्यातल्या एकाही रुपयाला मी 'जादा' म्हटलं नाही. इंजिन मला कळत नव्हतं, म्हणून मी दरपत्रकावर विश्वास ठेवला. शीड मला कळतं असं मला वाटलं होतं.

१९९० च्या मे महिन्यात माझी बदली झाली. जुलैत राहिलेलं सामान न्यायला आम्ही दोघं परत गेलो, आणि निघण्यापूर्वी तांडेलांचा निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. पाऊस असा पडत होता की समोरचा माड दिसत नव्हता. तांडेल ओटीवर बसून जाळं विणत होते. हात आता थोडे कापत होते. अंगणात चार वाशांवर पेंढ्याची उडवी झाकलेली होती, आणि तिच्यावर, डांबर फासलेलं, ते शीड. तपकिरी पट्टा डांबराखाली शोधावा लागला. शिवणीतली चुणी मात्र हाताला लागत होती.

ते कापड सपाट राहत नव्हतं. चारी बाजूंनी दोऱ्यांनी ताणून बांधलं होतं तरी मधे खोलगट होऊन त्यात पाणी साचत होतं, घागरी घागरी. सून दर थोड्या वेळानं इरलं डोक्यावर घेऊन अंगणात उतरायची आणि बांबूनं खालून ढोसायची. थोडं पाणी इकडून सांडायचं, थोडं तिकडून, बरंचसं परत जागेवर येऊन बसायचं. ती वैतागली होती. आमच्यासमोरच म्हणाली, "सपाट ताडपत्री आणा म्हणत्येय, ती आणवत नाय यांना."

तांडेलांनी जाळ्यातून मान वर केली नाही. म्हणाले, "मधी नको ढोसू. जरा नाळेकडे ढोस."

ती दोन पावलं सरकली, बांबू तिथं लावला आणि वर रेटला. सगळं पाणी एका अंगानं, एका धारेत, धाडकन खाली आलं.